भरती

अजमानच्या खाडीला लागून आमचं पैसे पाठवायचं दुकान.
माझी खिडकी तिसरी.
काचेला मधोमध एक गोल भोक, त्यातून
बारा वर्षं मी माणसं आवाजावरून ओळखते.

गुरुवारी रांगेत पुन्हा तेच दोघे.
मुकादम, श्रीवर्धनचे, रंगाचे कंत्राटदार,
नखांच्या कडेला कायमचा पांढरा प्रायमर.
मागे तोडणकर. परांची बांधतात.
एकोणीस वर्षांत इथल्या एकाही इमारतीत
पूर्ण झाल्यावर पाऊल टाकलेलं नाही.

"येतेय," मुकादम म्हणाले, "अख्ख्या जगात येतेय.
दहा वर्षं थांबणार नाही अशी तेजी.
हॉटेलात भाषण झालं, पुढच्या खुर्चीत बसलो होतो मी.
पडद्यावर रेघ अशी..."
आणि त्यांचा हात पुढच्या पठाणाच्या डोक्यावरून
एसीच्या जाळीपर्यंत गेला.

तोडणकरांनी त्या हाताकडे पाहिलं,
सैल क्लिपकडे पाहतात तसं.
"रेघेला खालून टेकू कुठे होता?"

"टेकू कसला! आफ्रिका मागतेय, चीन मागतोय,
ऊनसुद्धा विकत घेणार आहेत, तोडणकर,
हे आपलं फुकटचं ऊन!"

"घेऊ देत. घामाचा भाव फुटला की मला कळवा."

रांग हसली. मग तोडणकर हळू आवाजात बोलले,
जणू भोकातून फक्त मलाच:
नऊ साली अकरा मजले चढवले होते.
शुक्रवारची सुट्टी लागली
आणि शनिवार काही आला नाही.
वरच्या सळया तशाच, दाढीच्या खुंटासारख्या.
त्यांनी आपले पाइप मोजले, चार हजार दोनशे,
आकडा खडूने भिंतीवर लिहिला.
कोणी न्यायला आलं नाही. पाइपांनाही, त्यांनाही.
"त्याच्या आदल्या आठवड्यात असंच भाषण होतं.
जेवण चांगलं होतं म्हणे."

"जेवण याही वेळी चांगलं होतं," मुकादमांनी कबूल केलं.
"पण समुद्र बघा की! ओहोटी लागली म्हणून
कोणी होडी फोडून चुलीत घालत नाही.
भरती येते. आता येतेय ती मोठी भरती."

"भरती?"
मागून एक कोवळा आवाज.
"कुठल्या कंपनीत, काका?"

पोराच्या छातीशी प्लास्टिकची फाइल,
वर पारदर्शक खिशात स्वतःचाच फोटो.
खेडचा. व्हिजिट व्हिसाचे अकरा दिवस उरलेले.
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं,
आणि पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं:
दोघेही गप्प.

मुकादम खिडकीशी आले.
नेहमीच्या तिप्पट रक्कम. "सगळं पाठवा, मॅडम.
इथं काही ठेवायला नको."
मी वर पाहिलं. ते पावतीवर सही करत होते,
फार काळजीपूर्वक.

तोडणकरांनी निम्मेच पाठवले.
"बाकीचे लागतील. पुतण्याला बोलावतोय."
मग, मी काही विचारलं नसताना, "बघू."

पोरगा पाठवायला आलाच नव्हता. घ्यायला आला होता.
पाठवणार: सुहासिनी खांबे. नातं: आई.
सहाशे दिरहम.
बारा वर्षांत या भोकातून पैसा
या दिशेने इतका कमी वेळा आलाय
की कुठला फॉर्म, ते मला शोधावं लागलं.
नोटा देताना मी दोनदा मोजल्या.
त्याने मोजल्याच नाहीत.

मला भविष्याचं काही विचारू नका.
माझ्या पडद्यावर फक्त आजचा भाव असतो,
तोही साडेचारला बदलतो.

साडेचारला मी पाणी प्यायला उठले.
बाहेर, टायर आणि जुने फ्रिज भरणाऱ्या गलबतासमोर
तिघं बाकावर, करकचे तीन कागदी पेले.
वाद चालूच होता; काचेतून ऐकू येत नव्हता.
पोराच्या फाइलवर मुकादमांचं बोट
तिरकं वर, वर चढत होतं,
आणि फाइल वाऱ्याने कलंडू नये म्हणून
खालून तोडणकरांनी धरली होती.